विश्लेषण : जुना मल्टि-डिस्क सीडी प्लेअर घ्यायचा आहे? नाव पाहावे की यंत्रणा?

मोबाइलवर हवे ते गाणे क्षणात ऐकता येत असतानाही अनेक मराठी घरांत सीडींचे खोके जपून ठेवलेले आहे. नाट्यसंगीत, अभंगवाणी, पुलंचे कथाकथन, गणपतीच्या आरत्या आणि कुणा आजोबांच्या भजनाची घरीच तयार केलेली एखादी सीडीही त्यात असते. त्यातले बरेचसे ऑनलाइन मिळते, पण सगळे नाही. मुंबईतील काळा घोडा परिसरातले ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ मध्ये बंद झाले. त्यानंतर सीडी विकत घेण्याची ठिकाणे आणखी आटली आणि सीडी वाजवणारी नवी यंत्रेही दुकानांतून जवळपास दिसेनाशी झाली.

त्यामुळे एका वेळी पाच-सहा सीडी सामावणाऱ्या जुन्या प्लेअरचा शोध सुरू होतो. नवी मुंबईतील बोनकोडे गाव आणि त्याला खेटून वाढलेला कोपरखैरणे परिसर येथील ग्राहकापुढे तीन जास्तीच्या अडचणी असतात. घरे लहान, खाडीची दमट हवा आणि जुन्या ऑडिओचा मोठा बाजार दूर मुंबईत. अशा ठिकाणी जुना प्लेअर निवडताना काय पाहावे, कोणता प्रकार टाळावा आणि पैसे देण्याआधी कोणती चाचणी घ्यावी, याविषयी.

मल्टि-डिस्क प्लेअर म्हणजे नेमके काय?

सोनीने १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये ‘सीडीपी-१०१’ हा सीडी प्लेअर विक्रीस आणला. त्यात एका वेळी एकच सीडी बसत असे. पुढच्या काही वर्षांत कंपन्यांनी एकापेक्षा जास्त सीडी ठेवता येणारे प्लेअर बनवले. त्यांनाच ‘सीडी चेंजर’ म्हणतात.

त्यांचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत. पहिला कॅरोसेल. यात मोठ्या गोल तबकडीवर पाच किंवा सहा सीडी आडव्या ठेवल्या जातात आणि तबकडी फिरून हवी ती सीडी लेन्ससमोर आणते. दुसरा मॅगझिन. यात काडेपेटीसारख्या डब्यात सहा सीडी एकावर एक बसतात. पायोनिअरचे ‘पीडी-एम’ मालिकेतले प्लेअर या पद्धतीचे. तिसरा मेगा चेंजर. यात शेकडो सीडी पुस्तकांसारख्या उभ्या राहतात. सोनीच्या ‘सीडीपी-सीएक्स३५५’मध्ये तीनशे सीडी मावतात. चौथा प्रकार भारतीय घरांना सर्वांत परिचित. तो म्हणजे तीन सीडींचा ट्रे, रेडिओ, कॅसेट डेक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असलेली मिनी हाय-फाय सिस्टिम. सोनी, फिलिप्स, आयवा यांच्या अशा सिस्टिम घरोघरी होत्या.

आत काय चालते?

सीडीवर आतून बाहेर जाणारी एकच सलग वळणदार रेघ असते. ७४ मिनिटांच्या सीडीवरील ही रेघ सरळ केली तर पाच किलोमीटरहून अधिक लांब भरेल. तिच्या दोन वळणांमधले अंतर फक्त १.६ मायक्रॉन. प्लेअरमधला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा लेझर ही रेघ वाचतो. आतल्या बाजूला सीडी मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या घेते, बाहेरच्या कडेला हा वेग २०० पर्यंत उतरतो.

सीडी आत गेली की प्लेअर आधी आतल्या कडेवरची अनुक्रमणिका वाचतो. किती गाणी आहेत आणि कुठे सुरू होतात, ही माहिती तिथे असते. ती वाचता आली नाही तर पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटते. चेंजरमध्ये या सगळ्याआधी आणखी एक काम असते. सीडी उचलणे, नेमक्या जागी आणणे, वाजवून झाली की परत ठेवणे. त्यासाठी जास्तीच्या मोटर, बेल्ट, गिअर आणि जागा ओळखणारे सेन्सर लागतात. एका सीडीच्या प्लेअरपेक्षा चेंजर जास्त बिघडतो तो याच भागांमुळे.

कोणता प्रकार जास्त भरवशाचा?

घरगुती वापरासाठी पाच सीडींचा कॅरोसेल सर्वांत सोयीचा. त्यात सीडी आडवी राहते, हालचाल साधी असते आणि ट्रे उघडला की आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते. झाकण काढले की बेल्ट आणि लेन्सपर्यंत हात पोहोचवणेही तुलनेने सोपे. काही मॉडेलमध्ये एक सीडी वाजत असताना बाकीच्या बदलता येतात. ओंक्यो, यामाहा, डेनॉन, टेक्निक्स, सोनी या कंपन्यांचे कॅरोसेल जुन्या बाजारात पाहायला मिळतात.

मॅगझिनवाल्या प्लेअरला जागा कमी लागते, पण डबा हरवला किंवा त्याचा एखादा पातळ ट्रे तुटला की प्लेअर निरुपयोगी होतो. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालेलच असे नाही. म्हणून मूळ डबा सोबत नसेल तर व्यवहार करू नये.

मेगा चेंजर दिसायला मोहात पाडणारा, पण जड आणि आकाराने मोठा. तो उघडून दुरुस्त करणारा कारागीर शोधावा लागतो. शिवाय रिमोटशिवाय तीनशे सीडींमधून हवे ते गाणे काढणे म्हणजे शिक्षाच. घरात खरोखर शंभराहून जास्त सीडी असतील आणि त्या रोज ऐकल्या जात असतील तरच त्याचा विचार करावा.

मिनी सिस्टिम स्वस्तात मिळते, मात्र सीडीचा भाग गेला तर रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू असूनही मुख्य हेतू संपतो. घरात आधीच चांगला अ‍ॅम्प्लिफायर किंवा होम थिएटर असेल तर स्वतंत्र प्लेअर घेणेच बरे.

जागेचे गणितही आधी करावे. बहुतेक कॅरोसेल सुमारे ४३ सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटरच्या आसपास खोल असतात. ट्रे पुढे येतो तेव्हा समोर आणखी जागा लागते. टीव्हीखालच्या उथळ कपाटात तो बसेलच असे नाही. टेप घेऊन माप काढल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

सर्वांत आधी काय बिघडते?

जुन्या चेंजरमधली पहिली कमकुवत जागा म्हणजे रबरी बेल्ट. वर्षानुवर्षांत तो सैल होतो किंवा कडक पडतो. मग ट्रे अर्धा उघडून परत आत जातो, किंवा हाताने ढकलावा लागतो. हा बिघाड त्रासदायक वाटला तरी किरकोळ असतो. योग्य मापाचा बेल्ट बदलला की काम होते.

दुसरी जागा ग्रीस. सरकणाऱ्या दांड्यावरचे वंगण वाळले की लेन्स बाहेरच्या कडेपर्यंत नीट सरकत नाही. सुरुवातीची गाणी व्यवस्थित वाजतात आणि शेवटची अडखळतात, तेव्हा हे कारण असू शकते. जुने ग्रीस पुसून नवे लावल्यावर बरेचदा फरक पडतो.

तिसरी आणि खरी महागडी जागा म्हणजे लेझर पिकअप. बाजारात संपूर्ण पिकअपलाच ‘लेन्स’ म्हणतात. वापर वाढत गेला की लेझर क्षीण होतो. काचेवर धूळ असेल तर ती साफ करता येते, पण क्षीण लेझरला बदलण्यावाचून उपाय नसतो. सोनीचा ‘केएसएस-२१३’ आणि सान्योचा ‘एसएफ-पी१०१एन’ हे पिकअप अनेक कंपन्यांनी वापरले, त्यामुळे त्यांचे सुटे भाग तुलनेने सहज मिळतात. मात्र नकली मालही भरपूर असतो आणि नावाच्या शेवटी असलेले अक्षरही जुळावे लागते.

म्हणूनच पुढच्या पट्टीवर कोणत्या कंपनीचे नाव आहे यापेक्षा आत कोणता पिकअप आहे आणि तो आज मिळतो का, हा प्रश्न महत्त्वाचा. मॉडेल क्रमांक मोबाइलवर शोधून ही माहिती घरूनच काढता येते. ज्याचा पिकअप कुठेच मिळत नाही, असा नामांकित प्लेअरही लेझर संपताच शोभेची वस्तू होतो.

चाचणी कशी घ्यावी?

विक्रेत्याने आधीच चालू करून ठेवलेला प्लेअर ऐकून समाधान मानू नये. बंद आणि थंड असलेला प्लेअर आपल्यासमोर चालू करायला सांगावे. जाताना स्वतःच्या पाच सीडी न्याव्यात : दोन चांगल्या, एक ७० मिनिटांहून लांब, एक किंचित चरे पडलेली आणि एक घरी लिहिलेली. मात्र ज्या सीडीची दुसरी प्रत नाही, ती चाचणीसाठी कधीही नेऊ नये. अनोळखी चेंजरमध्ये सीडी अडकू शकते, तिच्यावर चराही पडू शकतो.

पाचही खाचांमध्ये सीडी ठेवून एक ते पाच क्रमांक आधी ओळीने आणि मग उलटसुलट क्रमाने दाबावेत. प्रत्येक वेळी तबकडी नेमक्या जागी थांबते का आणि अनुक्रमणिका काही सेकंदांत वाचली जाते का, ते पाहावे. एकाच खाचेत अडचण येत असेल तर दोष यंत्रणेचा. सगळ्याच सीडींना वेळ लागत असेल तर संशय लेन्सवर.

त्यानंतर लांब सीडीचे शेवटचे गाणे थेट लावावे. ते सलग वाजले तर सरकण्याची यंत्रणा बरी आहे, असे समजता येते. मग पहिले, शेवटचे आणि मधले गाणे अशा उड्या मारून पाहाव्यात. हेडफोन लावून डावा आणि उजवा दोन्ही आवाज सारखे येतात का, ते ऐकावे. पडद्यावरचे आकडे फिके झाले असतील तर ते सहसा दुरुस्त होत नाहीत, हे भावात धरावे.

शेवटी प्लेअर पाऊण तास वाजू द्यावा. काही बिघाड यंत्र गरम झाल्यावरच दिसतात. विक्रेता इतका वेळ द्यायला तयार नसेल, तर तेही एक उत्तरच समजावे.

रिमोटची परीक्षा मोबाइलने होते. मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचे तोंड त्याकडे धरावे आणि बटण दाबावे. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट संदेश पाठवतो आहे. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश दिसत नाही, तेव्हा पुढचा कॅमेरा वापरावा. झाकण उघडलेल्या प्लेअरच्या लेन्समध्ये मात्र डोळा लावून कधीही पाहू नये. लेझर दिसत नसला तरी डोळ्याला अपाय करू शकतो.

घरी लिहिलेल्या सीडी आणि एमपी३ चालतील का?

इथे अनेकांची फसगत होते. एका सीडीत दीडशे गाणी बसवलेल्या सीडी एमपी३ स्वरूपात असतात. साधा ऑडिओ चेंजर त्या वाजवत नाही. त्यासाठी प्लेअरवर एमपी३ची खूण हवी. व्हीसीडीवरचे चित्रपट आणि नाटकेही त्यात चालत नाहीत.

घरी लिहिलेली साधी ऑडिओ सीडी, म्हणजे सीडी-आर, कारखान्यातल्या सीडीपेक्षा कमी प्रकाश परावर्तित करते. त्यामुळे थकलेला लेझर आधी तिच्यावर अडखळतो. चाचणीत ती सीडी न्यायची ती यासाठीच. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू याहून खूपच कमी परावर्तन करते. अनेक जुने प्लेअर ती मुळातच वाचत नाहीत, त्याला बिघाड मानू नये.

घरात ऑडिओ, एमपी३ आणि व्हीसीडी अशी सरमिसळ असेल तर पाच सीडींचा जुना डीव्हीडी चेंजर हा व्यवहारी पर्याय ठरतो. मात्र त्याची काही कामे टीव्ही जोडल्याशिवाय करता येत नाहीत.

व्होल्टेज का पाहायचे?

जुन्या बाजारातला बराचसा माल परदेशातून आलेला असतो. आखाती देशांतून आलेले यंत्र सहसा २२० ते २४० व्होल्टचे असते आणि आपल्याकडे चालते. अमेरिकेतले यंत्र १२० व्होल्टचे, जपानमधले १०० व्होल्टचे. ते थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातले तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणून मागच्या पट्टीवर छापलेला आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू देऊ नये. १०० किंवा १२० व्होल्टचा प्लेअर घ्यायचाच असेल तर त्या मापाचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. त्याचा खर्च किमतीत धरावा. विजेच्या ५० आणि ६० हर्ट्झच्या फरकाने मात्र गाण्याचा वेग बदलत नाही. तो वेग प्लेअरमधल्या क्वार्ट्झ स्फटिकावर ठरतो.

बोनकोडेहून शोध कुठे घ्यावा?

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध जागा म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. कोपरखैरणेहून ट्रान्स-हार्बर मार्गाने ठाणे, तिथून दादर आणि दादरला पश्चिम रेल्वेची गाडी पकडून तेथे जाता येते. बेल्ट आणि पिकअपची चौकशी इथे करावी. जुन्या वस्तूंसाठी चोर बाजार आहेच, पण रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे यंत्र चालवून पाहण्याची सोय नसते. तिथे ‘चालू आहे’ या शब्दावर घेतलेली वस्तू भंगार समजूनच भाव ठरवावा.

प्रवास लांबचा असल्याने आधी मोबाइलवर सलग व्हिडीओ मागवावा. प्लेअर चालू करण्यापासून पाचव्या सीडीच्या शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये कुठेही न कापलेला. असा व्हिडीओ पाहून गेले तर फुकटची फेरी वाचते.

ऑनलाइन जाहिरातीवरून घेताना वस्तू पाहण्याआधी आगाऊ रक्कम पाठवू नये. ‘टोकन द्या, नाही तर दुसरा नेईल’ ही घाई फसवणुकीची जुनी रीत आहे. पैसे परत मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला कुणी सांगितले तर व्यवहार तिथेच थांबवावा. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने तक्रार करावी.

घरी आणतानाही काळजी हवी. आतल्या सगळ्या सीडी काढून मगच प्लेअर हलवावा. काही प्लेअरच्या तळाला वाहतुकीत यंत्रणा घट्ट धरणारा स्क्रू असतो. तो नेताना आवळावा आणि घरी आल्यावर सोडवावा. कुरिअरने मागवलेले चेंजर वाटेतच बिघडल्याचे प्रकार होतात, म्हणून शक्यतो स्वतः जाऊन आणावा.

किंमत कशी ठरवावी?

विचारलेल्या किमतीत नवा पिकअप, बेल्टचा संच आणि कारागिराची मजुरी मिळवावी. ही बेरीज परवडत असेल तरच प्लेअर परवडतो, कारण जुन्या चेंजरला दोन-तीन वर्षांत यातले काही ना काही लागण्याची शक्यता असते. ‘लेन्स नुकतीच बदलली’ असे विक्रेता सांगत असेल तर कोणता पिकअप घातला, हे विचारावे. मूळ रिमोट, मॅगझिन आणि पुस्तिका सोबत असल्यास थोडे जास्त मोजायला हरकत नाही.

मागच्या बाजूला ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल डिजिटल आउटपुट असेल तर ते जमेची बाजू. होम थिएटरला किंवा वेगळ्या डॅकला जोडता येते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडताना ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’ लिहिलेली जागा वापरावी. ‘फोनो’ लिहिलेल्या जागेत जोडल्यास आवाज फाटतो, कारण ती रेकॉर्ड प्लेअरसाठी असते.

खाडीकाठच्या हवेत निगा कशी राखावी?

ठाणे खाडी जवळ, पावसाळ्यात भिंतींना ओल आणि हवेत एमआयडीसी व महामार्गाची धूळ. या हवेत लेन्सवर थर बसतो आणि धातूचे संपर्क काळवंडतात. प्लेअर आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवावा. तो बाहेरच्या भिंतीला चिकटवून किंवा तापणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर ठेवू नये. विजा कडाडत असतील तेव्हा प्लग काढावा.

लेन्स साफ करायची असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेली कापसाची काडी हलक्या हाताने फिरवावी, तीही प्लग काढून. दाब दिला तर लेन्स धरणाऱ्या नाजूक तारा वाकतात. सीडी पुसताना मऊ कापड मधून बाहेरच्या कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. सीडीवरची माहिती अशी मांडलेली असते की रेघेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग दोष प्लेअर पूर्णपणे भरून काढतो. आडवा छेद देणारा बारीक चरा त्यामुळे खपून जातो. रेघेच्या दिशेने गेलेला चरा मात्र लांबवर माहिती पुसतो आणि गाणे अडकते.

मग घ्यावा की घेऊ नये?

घरात वीस-पंचवीसच सीडी असतील तर एका सीडीचा चांगला प्लेअर पुरेसा आहे. तो कमी बिघडतो आणि सहज दुरुस्त होतो. सकाळी काम करता करता चार-पाच तास सलग अभंग किंवा राग ऐकणाऱ्या घरात मात्र चेंजरचा उपयोग आहे. त्यासाठी पाच सीडींचा कॅरोसेल, मिळणारा पिकअप, २३० व्होल्ट आणि आपल्यासमोर झालेली पाऊण तासाची चाचणी या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. यातली एक जरी नसली तरी दुसरा प्लेअर शोधलेला बरा.

दुसरे काम प्लेअर आणण्याआधीच उरकावे. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगद्रव्याचा थर काळानुसार खराब होतो आणि उष्णता, ऊन व दमटपणाने तो वेग वाढतो. ज्यांची दुसरी प्रत नाही, अशा सीडी संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून त्यांची नक्कल दोन ठिकाणी ठेवावी. प्लेअर बिघडला तर दुसरा मिळेल, आजोबांचा आवाज मिळणार नाही. आणि जुना प्लेअर दुरुस्तीपलीकडे गेला तर तो कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांमार्फत व्हायला हवी.